तीन फाइली उघडून पाहाव्यात

६ नोव्हेंबर, सोमवार

ही वही कार्यालयाची नाही, माझी आहे. कार्यालयाच्या नोंदी संगणकात जातात. संगणकात गेलेलं कुठे राहतं आणि कुठे राहत नाही, हे बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कळलंय की स्वतःचं काही लिहायचं तर मी कागदच घेतो.

घशाच्या आजारांच्या या रुग्णालयात संगणक विभाग म्हणजे मी. मी, एक टेबल, एक ड्रिल आणि दारावरची पाटी. या महिन्यात चौदा जुने संगणक काढून चौदा नवे बसवायचे आहेत. नियम मीच लिहिलेत. जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं. ज्याचा संगणक त्याला शेजारी बसवून, त्याच्यासमोर नव्यातल्या कोणत्याही तीन फाइली उघडून पाहायच्या, मग फॉर्मवर खूण करून त्याची सही घ्यायची. जुना संगणक पंधरा दिवस हात न लावता ठेवायचा. त्यानंतरच आतली डिस्क पुसायची आणि तिला भोक पाडायचं, म्हणजे रुग्णांची माहिती बाहेर जाणार नाही.

आज बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "असं काम पाहिजे," म्हणाले. मी मान खाली घातली, पण कान टवकारलेले होते. घरी आल्यावर बायकोला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदाही सांगा. म्हणजे तीन फाइली पूर्ण होतील."

८ नोव्हेंबर, बुधवार

आज सहा संगणक झाले. माझ्या अंदाजाने चार व्हायचे होते.

शेवटचा आवाजबाईंचा. त्यांचा हुद्दा वाचोपचारतज्ज्ञ, पण हा शब्द रुग्णालयात फक्त पगारपत्रकावर सापडतो. त्या रुग्णाबरोबर होत्या. दाराच्या फटीतून फॉर्म आत सरकवला. त्यांनी सही केली आणि सहीखाली वेळ लिहिली, एक वीस. बाईंना प्रत्येक कागदावर वेळ लिहायची खोड आहे. इकडे माझ्या टेबलावर मी दोन्ही पडद्यांवरची चिन्हं मोजली. जुन्यावर एकतीस, नव्यावर एकतीस. हिशोब जुळला. खूण केली आणि जेवायला गेलो.

तीन फाइली उघडल्या नाहीत. बाई समोर नव्हत्याच, मग उघडून दाखवायच्या कोणाला? शिवाय नियम ज्यांना काम येत नाही त्यांच्यासाठी असतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

जुने संगणक कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ठेवलेत. मोठे डॉक्टर त्यांना वळसा घालून आले आणि म्हणाले, "उद्या बाहेरची मंडळी पाहणीला येतायत. हा पसारा हलेल का?"

'पंधरा दिवसांचा नियम आहे' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण साहेबांना नाही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. "हलेल," म्हटलं.

दुपारभर सहाही डिस्का पुसल्या आणि मागच्या अंगणात नेऊन प्रत्येकीला ड्रिलने भोक पाडलं. अगदी मधोमध. हात अजून बसलेला आहे. संध्याकाळी कॉरिडॉर रिकामा पाहून डॉक्टर म्हणाले, "तुम्ही असलात की काळजी नाही."

२० नोव्हेंबर, सोमवार

आज लिहायला हात वळत नाही. तरी लिहितो.

बाई दहा दिवस रजेवर होत्या. आज आल्या आणि दहाच्या सुमाराला त्यांचा फोन. "ते 'आवाज' उघडत नाहीये हो."

मी हसत गेलो. असले फोन रोज येतात, निम्मे वायर निघाल्याचे असतात. पडद्यावर 'आवाज' नावाचं चिन्ह होतं. दाबलं. काही नाही. मग चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यातला तो छोटा वाकडा बाण दिसला. बाण असला की वस्तू तिथे नसते. ती दुसरीकडे असते, आणि हे चिन्ह म्हणजे नुसती तिकडे बोट दाखवणारी पाटी. खऱ्या फाइली जुन्या डिस्कच्या दुसऱ्या भागात होत्या. मी पाटी उचलून आणली, घर तिथेच राहिलं. त्या घराला मीच भोक पाडलं.

आज तेरावा दिवस होता. पंधराचा नियम पाळला असता, तर जुना संगणक जोडून दोन मिनिटांत सगळं परत मिळालं असतं.

त्यात काय होतं ते लिहितो, नाहीतर ही वहीसुद्धा मला सोडून देईल. ज्यांचा कंठ शस्त्रक्रियेत काढावा लागतो, त्यांच्याकडून बाई आधी तीनशे वाक्यं बोलून घेतात. जखम भरली की ती एका टॅबमध्ये घालून देतात. माणूस वाक्यावर बोट ठेवतो आणि त्याच्याच आवाजात ते ऐकू येतं. 'मला बरं वाटतंय.' 'जेवलीस का?' 'दार लावून घे.' सदतीस जणांकडे त्यांचे टॅब आहेत, म्हणजे त्यांचे आवाज त्यांच्या घरी शाबूत आहेत. अडतिसावे कंडक्टरकाका. त्यांचा कंठ पंचवीस ऑक्टोबरला काढला. टॅब एक डिसेंबरला मिळायचा आहे. त्यांचा आवाज फक्त तिथे होता. दुसरीकडे कुठेही नाही.

बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"डिस्क जुनी होती बाई," मी म्हणालो. "आतूनच गेलेली असणार. कधी कधी होतं असं."

वाक्य इतकं सहज बाहेर पडलं, जसं काही मी त्याचीही तालीम केली होती.

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुम्ही तीन फाइली उघडल्या होत्या ना? कुठल्या होत्या?"

"आता आठवत नाही."

"आठवलं तर सांगा. घाई नाही."

भोळ्या आहेत बिचाऱ्या.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

काकांचं रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा मी त्या खोलीत होतो. मायक्रोफोन खरखरतोय म्हणून बाईंनी बोलावलं होतं. मायक्रोफोन ठीक होता, काकाच मोठ्याने बोलत होते. चौतीस वर्षं बसच्या इंजिनावरून ओरडलेला माणूस. 'दार लावून घे' असं त्यांनी म्हटलं आणि बाहेर बाकावरच्या कोणीतरी खरंच उठून दार लावलं. सगळे हसलो. मी त्यांना म्हणालो, "काका, जरा हळू. आवाज फाटतोय."

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. हळू बोलणं त्यांना जमत नव्हतं. शेवटी मीच आवाजाचं बटण खाली ओढलं.

दोन दिवसांनी त्यांना कायमचं गप्प व्हायचं होतं, आणि मी त्यांना हळू बोलायला सांगत होतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धी रजा टाकून, गेलेल्या डिस्कवरून माहिती काढून देणाऱ्या दुकानात गेलो. कागदात गुंडाळलेली डिस्क पुढे केली. दुकानदाराने ती उघडली, उजेडाकडे धरली आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ही पडली की काय?"

"नाही."

"मग हे कोणी केलं?"

"आमच्याकडे एक माणूस आहे," मी म्हणालो.

"हात चांगला आहे त्याचा," म्हणाला. "काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही."

२७ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या डॉक्टरांनी आवाजबाईंना मेमो दिला. 'रुग्णांच्या ध्वनिफिती मुख्य सर्व्हरवर न ठेवता स्वतःच्या संगणकावर का ठेवल्या, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.' त्याची प्रत माझ्याकडे आली, 'माहितीसाठी'.

माहिती मला आहे. दोन वर्षांपूर्वी बाई त्या फाइली सर्व्हरवर ठेवायला आल्या होत्या. मीच म्हणालो होतो, "बाई, एवढ्या मोठ्या फाइली तिथे नकोत, जागा भरते. तुमच्याच डिस्कवर ठेवा. मी तुम्हाला पडद्यावर चिन्ह करून देतो, एकदा दाबलं की उघडेल." बाण असलेलं ते चिन्ह माझ्या हातचं आहे. नव्या संगणकावर नेताना मला माझंच काम ओळखू आलं नाही.

मेमो वाचला, घडी घातली, खणात ठेवला. उठून वर जाणं एवढंच काम होतं. तीस पायऱ्या. उठलो नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे लहानपणी शाळेत घोकलं होतं. तेव्हा पाषाण म्हणजे दुसरं कोणीतरी वाटायचं.

दुपारी बाई आल्या. वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "आठ तारखेच्या फॉर्मची एक प्रत द्याल का? खुलाशाला लागेल."

दिली. त्यांनी माझ्यासमोरच वाचली. सहीखालच्या वेळेवर बोट ठेवलं. "एक वीस. तेव्हा आत रुग्ण होता नाही का?"

"असेल."

"हं." प्रत घेऊन दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मला अजून काही सांगायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "प्रिंटरची शाई संपत आलीय, तेवढं जपून वापरा."

त्या गेल्या. त्यांनी खुलाशात माझं नाव घातलं नाही, हे संध्याकाळी कळलं. लक्षात आलं नसावं. वाचलो. वाचलो हा शब्द लिहिताना स्वतःचीच शिसारी आली.

१ डिसेंबर, शुक्रवार

कंडक्टरकाका आले. बरोबर काकू. काकांच्या गळ्याला पांढरा कपडा, आणि दोरीला अडकवलेला छोटा पांढरा फळा, लिहायचा आणि पुसायचा. काकूंनी टॅबसाठी घरी पिशवी शिवून आणली होती, आतून मऊ अस्तर लावलेली.

बाईंनी मला बोलावून घेतलं. "यंत्राचं आहे, तुम्हीच सांगितलेलं बरं," म्हणाल्या.

मी सांगितलं. डिस्क जुनी होती, आतून गेली, कोणाचा इलाज नाही. काकांकडे न बघता पिशवीकडे बघून सांगितलं.

काकूंनी विचारलं, "सगळंच गेलं? तीनशेच्या तीनशे?"

"हो."

"एकसुद्धा नाही?"

"नाही."

त्यांनी पिशवीची घडी घातली. मग आणखी एक घडी. "घरी कधी रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही हो. चौतीस वर्षं म्हणत आले, जरा हळू बोला, शेजारी ऐकतात."

काका लिहीत होते. फळा माझ्याकडे वळवला. 'हरकत नाही. यंत्र आहे. बस पण बंद पडते.' आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

मला, त्यांनी.

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. आयुष्यात कोणी इतकं स्वच्छ मनाने माफ केलं नव्हतं, आणि ती माफी मी चोरून घरी घेऊन आलो.

३ डिसेंबर, रविवार

बायकोचा नवा फोन आला. जुन्यातले फोटो नव्यात घालून दिले. तिने हातात घेतला आणि चेष्टेने म्हणाली, "तीन उघडून दाखवा. नियम म्हणजे नियम."

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. थोड्या वेळाने ती दाराशी आली. "पंधरा दिवस बघतेय. ताटात निम्मं टाकता. झोपेत 'हळू, हळू' म्हणता. काय केलंत?"

काय झालं असं तिने विचारलं नाही. काय केलंत, असं विचारलं. एकवीस वर्षांच्या संसारात माणसाची डिस्क बायकोला भोकासकट दिसते.

सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, होतं असं, चूक माणसाकडूनच होते. ती म्हणाली, "चूक ठीक आहे हो. पण त्या माणसाने खांदा थोपटला आणि तुम्ही थोपटून घेतलात?"

४ डिसेंबर, सोमवार

तीस पायऱ्या चढलो.

मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं. तीन फाइली उघडल्या नाहीत. खूण खोटी केली. पंधरा दिवस थांबलो नाही. फाइली तिथे ठेवायला बाईंना मीच सांगितलं होतं. डिस्क बिघडलेली नव्हती. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "आता हे लिहून काय मिळणार? रुग्णाची तक्रार नाही. बाईंचा मेमो मागे घेतो, प्रकरण मिटवू."

"मला मिटवायचं नाही," मी म्हणालो. माझी जीभ त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणाली, आणि तेही अडखळत.

मग खाली बाईंकडे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी समोरची खुर्ची सरकवली. सगळं ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एक वीसला माझ्यासमोर रुग्ण होता, संगणक नव्हता."

"मग बोलला का नाहीत? मेमोसुद्धा घेतलात?"

"इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडचं वाक्य मला आधीच कळतं. पण ते मी म्हणून चालत नाही. तो बोलेपर्यंत थांबायचं, हेच माझं काम." मग फाइल उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही फार वेळ घेतलात. एक डिसेंबरच्या आधी याल असं वाटलं होतं. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे सांगून ठेवते."

आणि मी त्यांना भोळ्या म्हणत होतो. मागचं पान फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही. पुसण्याचं काम माझ्याकडून पुरेसं झालंय.

९ डिसेंबर, शनिवार

काकांच्या घरी जाऊन आलो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या, काका खिडकीशी. मला बघून खुश झाले, खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी आलं असतं, आणि पाणी पिऊन झाल्यावर माझ्याच्याने बोलवलं नसतं.

उभ्यानेच सांगितलं. डिस्क चांगली होती. तुमचा आवाज तिच्यात नीट होता. मी पाहिलं नाही, आणि पाहिलं अशी खूण केली. मग माझ्या हाताने पुसला आणि भोक पाडलं. मग तुमच्यासमोर खोटं बोललो.

काकूंच्या हातातला सदरा अर्धा दुमडलेला राहिला.

काकांचा चेहरा लाल होत गेला. तोंड उघडलं, गळ्यावरचा कपडा थरथरला, कपड्याखालून नुसता वारा आला. त्यांनी तोंड मिटलं. पेन उचललं. चालेना, झटकलं. लिहिलं, 'मला ओरडायचंय.'

मी म्हणालो, "हो."

त्यांनी फळा बाहीने पुसला आणि पुन्हा लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते, खाली खाली अक्षर बारीक होत गेलं. मग दोरी गळ्यातून काढून फळा माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बोट केलं. वाचा.

मी वाचलं. "लाज नाही वाटत? खोटं बोललास आणि माझ्याकडून माफी घेऊन गेलास? फुकट्या! चल, उतर खाली."

काकांनी तळहात वर केला. मोठ्याने.

पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. तळहात आणखी वर गेला. मला वर बघवत नव्हतं. याच माणसाला मी बटण ओढून हळू केलं होतं.

"असं नाही," काकू म्हणाल्या. त्या उठून आमच्या मध्ये आल्या होत्या. "ते 'उतर' लांबवायचे. सगळी बस वळून बघायची. उतऽऽर खाली."

"उतऽर खाली," मी म्हणालो.

"पोटातून. इंजिनावरून मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

मी डोळे मिटले आणि ओरडलो. "फुकट्या! चल, उतऽऽर खाली!" खालच्या मजल्यावर कोणाचंतरी दार उघडलं. माझा घसा जळला.

डोळे उघडले तेव्हा काकू खाटेवर बसल्या होत्या, तो सदरा तोंडाशी धरून. "हां," म्हणाल्या. "जवळजवळ असंच. शेवटी जरा खरखर यायची."

काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातून फळा घेतला, बाहीने पुसला आणि एकच शब्द लिहिला.

'पुन्हा.'

मी पुन्हा ओरडलो.